बँडवर वाजणारे वंदे मातरम् : मास्टर कृष्णरावांच्या चालीचे प्रकरण

१५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतीय सैन्यदलांची बँडपथके, परदेशांतील भारतीय वकिलाती आणि सरकारी समारंभांचे आयोजक यांच्यापुढे एक तातडीचा प्रश्न उभा राहिला. ज्या प्रसंगी आजवर ‘गॉड सेव्ह द किंग’ वाजत असे, त्या प्रसंगी आता काय वाजवायचे? हा प्रश्न मुख्यतः शब्दांचा नव्हता. मैदानावर किंवा परदेशी राजदूताच्या स्वागताला उभा असलेला बँड शब्द उच्चारत नाही. त्याला धून लागते, आणि तीही अशी लागते की वादकांच्या मोठ्या ताफ्याला ती उघड्यावर, एका ठेक्यात आणि ठरलेल्या वेळात वाजवता यावी. देशात देशभक्तिपर गीतांची वानवा नव्हती. वानवा होती ती बँडसाठी बांधलेल्या चालींची.

त्या काळात पुण्याच्या मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी ‘वंदे मातरम्’ची एक चाल बँडसाठी सिद्ध केली आणि संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिचे प्रात्यक्षिक केले. राष्ट्रगीत म्हणून निवड ‘जनगणमन’ची झाली आणि कृष्णरावांची चाल मागे पडली. राष्ट्रगीताचा वाद पुन्हा उकरून काढण्याचा येथे हेतू नाही. संचलन करणाऱ्या वाद्यवृंदासाठी देशभक्तिपर संगीत निवडताना कोणत्या कसोट्या लागतात, त्या या एका प्रसंगात जितक्या स्पष्टपणे समोर येतात तितक्या अन्यत्र क्वचितच आल्या असतील, म्हणून हा अभ्यास. शाळा-महाविद्यालयांची आणि पोलिसांची बँडपथके दरवर्षी ‘सारे जहाँ से अच्छा’ आणि ‘कदम कदम बढाये जा’ यांच्या पलीकडे काय वाजवावे, असा विचार करतात. त्यांना या प्रकरणातून हाती लागण्यासारखे बरेच आहे.

सरकारची बाजू

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत या विषयावर निवेदन केले. त्यांतील घटनाक्रम असा. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे वाद्यवृंदासाठी राष्ट्रगीताची मागणी झाली. शिष्टमंडळाजवळ ‘जनगणमन’ची ध्वनिमुद्रिका होती. ती वाद्यवृंदाला देण्यात आली, त्यांनी तालीम करून ती धून मोठ्या समुदायापुढे वाजवली आणि अनेक देशांच्या प्रतिनिधींनी तिच्या स्वरलिपीची मागणी केली. त्या वादनाचे ध्वनिमुद्रण भारतात आले, सैन्यदलांचे बँड ती धून वाजवू लागले आणि परदेशांतील वकिलातींनीही तीच स्वीकारली. नेहरूंनी प्रांतांच्या राज्यपालांची मते मागवली. मध्य प्रांताच्या राज्यपालांचा अपवाद सोडता सर्वांनी ‘जनगणमन’ला पसंती दिली. त्यानंतर मंत्रिमंडळाने ती धून तात्पुरत्या स्वरूपात स्वीकारली.

‘वंदे मातरम्’विषयी या निवेदनात पूर्ण आदर आहे. स्वातंत्र्यलढ्याशी त्याचे जे नाते आहे ते दुसऱ्या कोणत्याही गीताला मिळणार नाही, असे नेहरूंनी स्पष्ट म्हटले. मात्र राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा धून अधिक महत्त्वाची असते, आणि ‘वंदे मातरम्’ची चाल बँडवर किंवा वाद्यवृंदावर वाजवायला सोपी नाही, ती काहीशी करुण आणि पुनरावृत्तीची आहे, परकीयांना संगीत म्हणून तिचे आकलन होणे कठीण आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

या आक्षेपाकडे संगीताच्या दृष्टीने नीट पाहिले पाहिजे. तो खोटा नव्हता. पण तो गीताला लागू होता की गीताच्या एका विशिष्ट चालीला, हा कळीचा मुद्दा आहे.

गीत एक, चाली अनेक

‘वंदे मातरम्’ला एकच एक चाल कधीच नव्हती. ‘आनंदमठा’त, म्हणजे १८८२ साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत, बंकिमचंद्रांनी गीतासोबत मल्हार राग आणि कव्वाली ताल असा निर्देश केलेला आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये हे गीत गायले आणि पुढे देस रागातील चालीचा प्रवाह सर्वाधिक रूढ झाला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ते काफीत गात असत. सुभाषचंद्र बोस यांच्या आग्रहावरून तिमिर बरन यांनी दुर्गा रागात, पावलांच्या ठेक्यावर चालणारी एक चाल बांधली. १९५२ सालच्या ‘आनंदमठ’ चित्रपटासाठी हेमंतकुमारांनी केलेली चाल तर सरळ सरळ दौडती आहे. एकाच गीताने इतकी रूपे धारण केली असताना ‘हे गीत बँडवर वाजत नाही’ असे विधान करता येत नाही. फार तर ‘अमुक चाल बँडवर वाजत नाही’ असे म्हणता येते.

देसमधील संथ चाल बँडवर का अडखळते, हे कोणत्याही बँडमास्तराला वाद्य हाती घेताच कळेल. देसमध्ये आरोहात (चढताना) शुद्ध आणि अवरोहात (उतरताना) कोमल असे दोन निषाद (नी) आहेत. त्या रागाचे सौंदर्य एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर पोहोचण्याच्या प्रवासात आहे. ऋषभावरचे (रे) रेंगाळणे, पंचमाकडून (प) ऋषभाकडे घसरत येणे, ही त्याची ओळख. कॉर्नेट, ट्रंपेट किंवा युफोनियमवर पडदे दाबून स्वर निघतात आणि दोन स्वरांमधली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, त्यांवर जवळजवळ हरवते. ती साधू शकणारे एकच पितळी वाद्य म्हणजे सरकत्या नळीचा ट्रॉम्बोन, आणि सगळा बँड ट्रॉम्बोनांचा नसतो. मींड गळाली की उरतात ते लांब, स्थिर, संथ स्वर, आणि तेच कानाला करुण वाटतात. शिवाय उघड्या मैदानात हळुवार आवाज वाऱ्यावर जातो, आणि चालता चालता वाजवणाऱ्याला लांब स्वर धरून ठेवताना पावलागणिक श्वासाला धक्का बसतो. नेहरूंच्या कानाला जे जाणवले त्याची कारणे अशी पूर्णपणे वाद्यांच्या घडणीत सापडतात.

दुसरीकडे ‘जनगणमन’ची चाल बँडसाठी जन्मजात अनुकूल आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तिच्यात बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एक स्वर आहे आणि मींडेवर काहीही अवलंबून नाही. तोच स्वर सलग अनेकदा येतो, जे पितळी वाद्यांना सोपे जाते आणि लांबवरही स्वच्छ ऐकू येते. शेवटी ‘जय हे’ची चढती मालिका धुनेला आपोआप शिखरावर नेते. पूर्ण रूप सुमारे ५२ सेकंदांत आटोपते. या धुनेला आधीची तालीमही पुष्कळ लाभली होती. १९१९ साली आंध्रातील मदनपल्ली येथे आयरिश संगीतज्ञ मार्गारेट कझिन्स यांच्या साहाय्याने तिची स्वरलिपी तयार झाली होती आणि १९४२ साली हॅम्बुर्ग येथे ती वाद्यवृंदाने वाजवली होती. पुढे आझाद हिंद सेनेने ‘शुभ सुख चैन’ या रूपाने तीच चाल आपली केली. १९४७ साली शिष्टमंडळाच्या सामानात तिची ध्वनिमुद्रिका असणे हा योगायोग असेल. पण वाद्यवृंदाने ती झटपट उचलणे हा योगायोग नव्हता.

गीताचे वजन काय सांगते

येथे थोडे थांबून बंकिमचंद्रांच्या शब्दांकडे पाहावे, कारण चालीचा ठेका शेवटी तेथूनच येतो. ‘सुजलां सुफलां मलयज शीतलाम्’ ही ओळ मात्रांत मोजली तर चार, चार, चार आणि पाच अशी पडते. ‘शुभ्रज्योत्स्ना पुलकित यामिनीम्’ यात ‘शुभ्रज्योत्स्ना’च्या आठ मात्रा होतात, पुढे चार आणि शेवटी पाच, म्हणजे पुन्हा चार-चार-चार-पाच. ‘सुखदां वरदां मातरम्’ हीदेखील चार, चार आणि पाच. गीताच्या पहिल्या दोन कडव्यांचा मोठा भाग चौकडीवर उभा आहे आणि ओळीच्या शेवटचे दीर्घ अक्षर एका मात्रेने पुढे ओघळते. ‘सुहासिनीं’च्या सहा मात्रांसारखे अपवाद आहेत, पण ते मोजके आहेत.

संचलनाच्या दृष्टीने ही रचना अत्यंत सोयीची आहे. डावा-उजवा पाय चौकडीवर नेमका पडतो आणि ओळीच्या अखेरचा लांबलेला ‘लाम्’, ‘नीम्’, ‘रम्’ वादकांना श्वास घेण्याची जागा करून देतो. संथ गायकीत हा ठेका झाकला जातो, म्हणून तो नाहीच असा समज होतो. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित दुवा हाच आहे. गीत पदन्यासाला विरोध करत नव्हते. त्याला पदन्यासाच्या अंगाने बांधणारा संगीतकार हवा होता.

मास्टर कृष्णरावांचा प्रयत्न

कृष्णराव (१८९८–१९७४) हे भास्करबुवा बखले यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांसोबत गाजलेले गायक-नट आणि ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘माणूस’, ‘शेजारी’ अशा चित्रपटांचे संगीतकार. ख्यालगायक म्हणून त्यांची थोरवी सर्वज्ञात आहे, पण या प्रकरणात उपयोगी पडली ती त्यांची दुसरी बाजू. समूहासाठी स्वररचना कशी करावी, कोणता स्वर पन्नास गळ्यांतून एकसंध निघेल, वाद्यवृंदात कोणत्या वाद्याला काय द्यावे, याचा अनुभव त्यांनी रंगभूमीवर आणि चित्रपटांत घेतलेला होता. ‘शेजारी’तले ‘लखलख चंदेरी’ हे समूहगीत ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मोठ्या जमावाला ठेक्यावर डोलवण्याची त्यांची हातोटी वेगळी सांगावी लागणार नाही.

‘वंदे मातरम्’शी त्यांचे नाते १९४७ च्या पुष्कळ आधीचे होते. परकीय राजवटीत आकाशवाणीवर हे गीत गाण्यास प्रतिबंध झाला, तेव्हा त्यांनी आकाशवाणीवर गाणेच सोडले आणि स्वातंत्र्याच्या वेळी हे गीत गाऊनच ते तेथे परतले. ज्याने गीतासाठी स्वतःच्या उपजीविकेचे एक दार बंद करून घेतले, त्याला ‘हे गीत बँडवर वाजत नाही’ हा आक्षेप किती लागला असेल, हे समजण्यासारखे आहे. तरीही त्यांनी त्या आक्षेपाला भाषणाने किंवा पत्रकाने उत्तर देण्यावर समाधान मानले नाही. त्यांनी तो संगीताचा प्रश्न मानला आणि त्याचे उत्तर स्वरांत दिले. मला या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक आदरणीय वाटते ती ही गोष्ट.

त्यांनी झिंझोटी राग निवडला. ही निवड किती विचारपूर्वक आहे, ते वाद्यांच्या बाजूने पाहिल्यास उमगते. झिंझोटी खमाज थाटातला, लोकधुनांच्या जवळचा राग आहे. त्याची चाल सरळ आहे, ‘ध़ सा रे म ग’ ही त्याची ओळख सांगणारी स्वरावली सुट्या स्वरांनीही पुरी पटते, आणि मींड नसली तरी राग विस्कटत नाही. तो गंभीर होऊ शकतो, पण रडवेला होत नाही. एखाद्या अनोळखी श्रोत्यालाही दोनदा ऐकल्यावर गुणगुणता यावे इतका तो मोकळा आहे. म्हणजे ‘करुण’, ‘अवघड’ आणि ‘परक्याला न कळणारी’ या तिन्ही हरकतींना रागाच्या निवडीतूनच उत्तर मिळते.

चाल बांधून ते थांबले नाहीत. मुंबईतील इंग्रज बँडमास्तराच्या साहाय्याने त्यांनी तिचे पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन करून घेतले. कारण त्या काळच्या लष्करी आणि पोलीस बँडचे वादक समोरच्या कागदावरून वाजवत. त्यांच्यापुढे पेटीवर चाल गाऊन दाखवण्यात अर्थ नव्हता. पुढे दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिक झाले. गायनाने, समूहगायनाने आणि बँडवादनाने हे गीत राष्ट्रगीताच्या मापात बसते, हे त्यांनी दाखवून दिले.

निर्णय आणि त्याची कारणे

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी संविधान सभेत निवेदन केले, की ‘जनगणमन’ हे राष्ट्रगीत असेल आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक वाटा उचललेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान आणि दर्जा राहील.

मग कृष्णरावांचा प्रयत्न निष्फळ ठरला का? मला तसे वाटत नाही, पण त्याचे यश कोणत्या मर्यादेत होते ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ‘बँडवर वाजत नाही’ या आक्षेपाचे त्यांनी पुरते निरसन केले. पण निर्णय त्या एकाच आक्षेपावर टेकलेला नव्हता. गीताच्या पुढच्या कडव्यांतील देवीरूपाविषयी जुनी राजकीय हरकत होती आणि १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोन कडवीच गाण्याचा ठराव केला होता. कोणतीही चाल त्या हरकतीला उत्तर देऊ शकत नव्हती. दुसरे असे, की ‘जनगणमन’ एव्हाना सैन्यदलांत आणि वकिलातींत रुळले होते. बँडच्या जगात रुळलेल्या धुनेला हलवणे फार कठीण असते, कारण शेकडो वादकांच्या बोटांत ती बसलेली असते, तिचे कागद छापून वाटलेले असतात आणि समारंभाची वेळ तिच्या लांबीवर बेतलेली असते. कृष्णरावांची चाल गुणवत्तेत कमी नव्हती; ती वाटपाच्या बाबतीत मागे राहिली.

यातून निवड करणाऱ्याने घ्यावयाचा पहिला धडा अगदी व्यावहारिक आहे. अल्पपरिचित रचना उत्तम असली तरी तिचे प्रत्येक वाद्यासाठी लिहिलेले भाग वादकांच्या हाती वेळेवर पडले नाहीत, तर ती कार्यक्रमात टिकत नाही.

आजच्या बँडपथकासाठी

आज एखाद्या महाविद्यालयाने किंवा पोलीस पथकाने झिंझोटीतील ‘वंदे मातरम्’ आपल्या कार्यक्रमात घ्यायचे ठरवले, तर पुढचे प्रश्न येतील.

पहिला प्रश्न षड्ज (सा) कोठे ठेवायचा हा. झिंझोटीत मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवताला (ध) महत्त्व आहे. बी-फ्लॅट षड्ज ठेवला तर कॉर्नेटवर हा धैवत वाद्याच्या तळाशी जातो. वाजतो, पण मैदानात पोहोचत नाही. ई-फ्लॅट षड्ज धरल्यास तो वाद्याच्या भरदार भागात येतो आणि तार षड्जही सरावलेल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात राहतो. अडचण क्लॅरिनेटवाल्यांची होते. या पट्टीत गंधार (ग) आणि मध्यम (म) त्यांच्या वाद्याच्या सर्वांत अशक्त स्वरांवर पडतात आणि मध्यमावरून पंचमावर जाताना बोटांचा मोठा सांधा ओलांडावा लागतो. झिंझोटीत मध्यम-गंधाराची जोडी वारंवार येते, म्हणून त्या जागी कॉर्नेटची दुसरी फळी किंवा सॅक्सोफोन सोबतीला द्यावा.

दुसरा प्रश्न स्वरसंगतीचा, आणि येथे नेहमीची चूक घडते. पाश्चात्त्य पद्धतीने साथ लिहिणारा माणूस सवयीने पंचमावरचा मेळ (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) देतो; त्या मेळात शुद्ध निषाद असतो. झिंझोटीचा निषाद कोमल आहे. एका बाजूला धून कोमल निषाद वाजवते आणि खाली साथीत शुद्ध निषाद घुमतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ‘काहीतरी बेसूर झाले’ एवढेच कळते. त्यापेक्षा तळाला षड्ज-पंचमाचा आधार धरावा, मध्यमावरचा आणि कोमल निषादावरचा मेळ मोकळेपणाने वापरावा आणि पंचमावरचा मेळ द्यायचाच झाला तर त्यातला निषाद गाळावा. तंबोऱ्याच्या जागी युफोनियम आणि ट्यूबा उभे आहेत, असे समजून त्यांचे भाग लिहिले की राग आपले रूप धरून राहतो.

लयीविषयी : जलद संचलनाची गती मिनिटाला साधारण १२० पावलांची असते. वर सांगितलेल्या चौकडीच्या दोन-दोन मात्रा एका पावलावर बसवल्या तर शब्द ओळखू येतात आणि घाईही होत नाही. साइड ड्रमने प्रत्येक मात्रा भरून काढण्याचा मोह आवरावा. ‘वंदे मातरम्’ या पाच अक्षरांच्या ध्रुपदावर तालवाद्ये जवळजवळ थांबली आणि फक्त बेस ड्रमचा एक एक ठोका राहिला, तर श्रोते आपोआप मनात शब्द म्हणू लागतात. बँडला शब्द नसतात, ही उणीव भरून काढण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

पाइप बँडची गोष्ट निराळी आहे आणि ती आवर्जून सांगितली पाहिजे, कारण सैनिकी शाळांत आणि अनेक पथकांत पाइप बँडच असतो. बॅगपाइपच्या सुरावटीत नऊच स्वर मिळतात. षड्जाखाली एकच स्वर आहे आणि तो कोमल निषाद. म्हणजे झिंझोटीला लागणारा कोमल निषाद मिळतो, पण तिची ओळख असलेला मंद्र धैवत मिळत नाही. षड्ज वर सरकवून धैवत मिळवावा तर कोमल निषाद हातचा जातो. थोडक्यात, कृष्णरावांची चाल पाइपवर जशीच्या तशी उतरणार नाही, आणि ती मोडून उतरवणे मला योग्य वाटत नाही. अशा पथकाने तिमिर बरन यांच्या दुर्गेतील चालीचा विचार करावा. दुर्गेचे सा, रे, म, प, ध हे पाचही शुद्ध स्वर पाइपवर तयार आहेत आणि पाइपचा अखंड घुमणारा सूर नेमका षड्जाचा आहे. दुर्गेतील मंद्र धैवताच्या जागा मात्र वरच्या सप्तकात उचलून घ्याव्या लागतील. तेवढी तडजोड हा राग सहन करतो.

ज्या शाळांकडे केवळ बिगुल आणि ढोल-ताशे आहेत, त्यांनी यांपैकी काहीच हाती घेऊ नये. बिगुलाला पडदे नसतात. त्यातून षड्ज, पंचम, गंधार असे मोजके नैसर्गिक स्वर निघतात. गायकांच्या समूहाने गीत गावे आणि बिगुलांनी त्याआधी इशारत वाजवावी, ही मांडणी अशा पथकाला शोभेल.

हक्कांचा मुद्दा बहुतेक पथके विसरतात. बंकिमचंद्रांचे निधन १८९४ साली झाले असल्याने शब्दांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. संगीतरचनेचे तसे नाही. आपल्या कायद्याने हा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे कृष्णरावांच्या चालीबाबत तो २०३४ अखेरपर्यंत आहे. शाळेच्या आवारात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुढे विद्यार्थ्यांनीच केलेल्या वादनाला कायद्यात सूट आहे. पण तिकीट लावलेला कार्यक्रम, ध्वनिमुद्रण किंवा नव्या स्वरलेखनाचे प्रकाशन करायचे असेल, तर वारसांची परवानगी आधी घ्यावी.

कार्यक्रमातील जागेविषयी माझे मत स्पष्ट आहे. ही चाल संचलनाच्या ओघात, पथक मैदानाला वळसा घालत असताना वाजवू नये; तेथे ती पावलांच्या आवाजात विरघळते आणि अनोळखी असल्यामुळे कोणाच्या लक्षातही राहत नाही. पथक थांबलेले असावे, सूत्रसंचालकाने दोन वाक्यांत चालीचा इतिहास सांगावा आणि मग उभ्याने, संपूर्ण, एकदा संथ आणि एकदा संचलनाच्या लयीत ती वाजवावी. पहिल्या फेरीत राग कानात बसतो आणि दुसऱ्या फेरीत ठेका पायांत उतरतो. तालीम सभागृहात कितीही झाली तरी अखेरच्या तालमी मोकळ्या मैदानावरच घ्याव्यात, आणि बँडमास्तराने निदान एकदा तरी मैदानाच्या पार टोकाला, प्रेक्षक बसणार तेथे जाऊन ऐकावे, म्हणजे मंद्र धैवत तिथवर पोहोचतो की नाही याचा निवाडा आधीच होईल.